हशा पोचतो, विनोद पोचत नाही

एखादा विनोद ऐकून लोक खदखदा हसत आहेत, तुम्हांला ते हसणे स्पष्ट ऐकू येत आहे, पण विनोद काय होता तो मात्र कळत नाही, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे काय? माझ्यावर आला होता. तेव्हा मी सहावीत होतो. त्या रात्री जी चरफड झाली तिचे उत्तर मला एम.एस्सी. झाल्यावर, तेही हप्त्याहप्त्याने मिळाले. ते आज तुम्हांला सांगतो.

आमचे गाव वैनगंगेच्या खोऱ्यातले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. धान कापून झाले, दिवाळी सरली, की इथे मंडईचे आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा (म्हणजे देसाईगंज) या गावी नाटक मंडळ्यांची कार्यालये ओळीने आहेत. गावोगावची मंडळे तिथे जाऊन नाटक ठरवतात, तिकिटे लावतात, आणि मोकळ्या बांध्यांत कनाती उभारून रात्री दहाच्या पुढे सुरू झालेला प्रयोग पार पहाटेपर्यंत चालतो. खाली तणीस अंथरलेले, अंगावर घोंगडी, आणि समोर नाटक. त्यात रडणे असते, गाणी असतात, पण लोक वाट पाहतात ती विनोदी नटाची. घरातली भांडणे, जावयाचा रुसवा, सावकाराचा तगादा, मास्तरची छडी, असे तुमच्याआमच्या घरातलेच सगळे तो रंगमंचावर आणतो. अशाच विनोदी भूमिकांनी गाजलेले गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे आमच्याकडे हसवणे ही काही किरकोळ बाब नाही.

तर सहावीतल्या त्या माघ महिन्यात शेजारच्या गावी नाटक होते. अंतर अर्धा कोस, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर. घरची सगळी मंडळी बैलगाडीने गेली. मला नेले नाही, कारण दुसऱ्या दिवशी गणिताची घटक चाचणी होती. मी आणि म्हातारा गडी घरी. रात्री दोनच्या सुमारास जाग आली, आणि अंधारातून आवाज आला, 'हा हा हा हा!' थोडा वेळ भोंग्यातून कुणाचेतरी बोलणे, 'ओ… आ… ए… आ…', आणि पुन्हा 'हा हा हा!' सगळा गाव तिकडे हसत होता आणि मी गोधडीत कान टवकारून पडलो होतो. शब्द एक नाही. अर्धा तास मी ऐकत राहिलो. चाचणीत मला वीसपैकी सात गुण मिळाले, म्हणजे न नेण्याचाही उपयोग झाला नाही.

आता प्रश्न असे पडतात. दीड किलोमीटरवरून हसणे ऐकू आलेच कसे? आले तर रात्रीच का, दिवसा का नाही? आणि हसणे आले तर शब्द का आले नाहीत?

पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. मोकळेपणाने हसणाऱ्या माणसाच्या आवाजाची पातळी त्याच्यापासून एक मीटरवर साधारण ७५ डेसिबेल धरू. डेसिबेलचे गणित लक्षात ठेवायला सोपे आहे. आवाजाची तीव्रता दहापट झाली की १० डेसिबेल वाढतात, शंभरपट झाली की २०, हजारपट झाली की ३०. हजार माणसे एकदम हसली तर तीव्रता हजारपट होते, म्हणजे ७५ अधिक ३०, असे १०५ डेसिबेल झाले. आता अंतराची वजावट करू. ध्वनी चोहीकडे पसरत जातो, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबेल कमी होतात. या हिशेबाने एक मीटरवरून दीड किलोमीटरवर जाईपर्यंत सुमारे ६४ डेसिबेल वजा होतात. बाकी उरते ४१. वाटेत हवा आणि जमीन आणखी काही खातात, तरी पस्तीसच्या आसपास उरायला हरकत नाही. खेड्यात थंडीच्या रात्री दोन वाजता पाने हालत नसतील तर शांततेची पातळी २५ ते ३० डेसिबेल असते. म्हणजे हशा ऐकू यायलाच हवा!

आणि एकटाच माणूस हसला असता तर? ७५ मधून ६४ गेले, उरले ११. रातकिड्याने एकदा पंख घासला की संपले. हजार माणसांचे हसणे अर्धा कोस जाते, एकाचे जात नाही.

परंतु हा हिशेब सपाट कागदावरचा आहे. तो खरा असता तर दुपारीही हशा ऐकू यायला हवा होता. त्याच बांधीत त्याच दिवशी दुपारी मंडई भरली होती, माणसे रात्रीपेक्षा जास्तच होती, ढोल होते, आरडाओरडा होता, आणि आमच्या गावात त्यातले काही म्हणता काही ऐकू आले नव्हते. दिवसाचा इतर गलबला हे त्याचे एक कारण आहे. पण दुसरे कारण जास्त मोठे आहे, आणि ते डोक्यावरच्या हवेत आहे.

ध्वनीचा हवेतला वेग तापमानाप्रमाणे बदलतो. शून्य अंश सेल्सियसला तो सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ०.६ मीटरने वाढतो. उष्ण हवेत ध्वनी वेगाने धावतो, थंड हवेत रेंगाळतो. फरक क्षुल्लक वाटेल. आता बैलगाडी आठवा. गाडीचे एक चाक चिखलात रुतून हळू झाले आणि दुसरे कोरड्या जमिनीवर जोरात चालले, तर गाडी कुठे वळते? चिखलाच्या बाजूला. ध्वनीच्या लाटेचेही तसेच आहे. तिचा ज्या बाजूचा भाग हळू चालतो त्या बाजूला ती वळते. प्रकाश काचेत शिरताना वळतो त्याचेच हे भावंड.

दुपारी ऊन जमिनीला तापवते, जमीन तिच्या लगतच्या हवेला तापवते, आणि वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. म्हणजे लाटेचा वरचा भाग हळू, खालचा जलद. गाडी वर वळते. मंडईचा सगळा गलका काही शे मीटरवर जमीन सोडून आकाशात निघून जातो आणि त्यापलीकडचे गाव ध्वनीच्या सावलीत पडते. घारीला ऐकू येत असेल, आम्हांला नाही.

रात्री उलटे होते. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि धान कापलेल्या उघड्या बांध्या आपली उष्णता आकाशात टाकून झपाट्याने गार होतात. त्यांना टेकलेली हवाही गार होते. पन्नास मीटर वर मात्र दिवसाची ऊब शिल्लक असते. खाली थंड आणि वर उबदार, अशा या उलट्या रचनेला तापमानाची विपरीतता म्हणतात. आता लाटेचा खालचा भाग हळू, वरचा जलद. गाडी खाली वळते. आकाशाकडे निघालेला हशा वाकून पुन्हा जमिनीवर येतो.

किती वाकतो तेही पाहू. पन्नास मीटर उंचीत पाच अंशांचा फरक धरला तर वेगात ३ मीटरचा फरक पडतो. त्यावरून लाटेच्या मार्गाची त्रिज्या काढली तर ती साडेपाच किलोमीटरच्या जवळपास येते. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ही त्रिज्या स्वतः काढून पाहावी. वेगाला, दर मीटर उंचीमागे होणाऱ्या वेगातील बदलाने भागायचे.) अशा वर्तुळाचा दीड किलोमीटर लांबीचा कंस मध्यभागी साधारण ५० मीटर उंच होतो. म्हणजे त्या रात्रीचा हशा नाटकाच्या मांडवातून निघाला, मोहाच्या आणि सागाच्या शेंड्यांवरून वर गेला, आणि कमानीसारखा उतरून नेमका माझ्या गोधडीवर पडला. या प्रवासाला त्याला साडेचार सेकंद लागले. मी ज्या हशावर जळत होतो तो साडेचार सेकंद शिळा होता!

वाऱ्यानेही असेच वक्रीभवन होते, कारण जमिनीलगत वारा मंद आणि उंचावर जोरात असतो. वाऱ्यामुळे आवाज असा का वळतो हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५७ मध्ये मांडले आणि तापमानाचा परिणाम ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्ये प्रयोगांसह दाखवला.

ही विपरीतता डोळ्यांनी पाहायची असेल तर थंडीत पहाटे उठा. शेकोटीचा आणि चुलीचा धूर थोडा वर चढतो आणि मग गावावर छत घातल्यासारखा आडवा पसरतो. खालची हवा थंड आणि जड असल्यामुळे ती वर जायला तयार नसते, आणि धूरही तिच्याबरोबर अडकून राहतो. असा धूर दिसला की समजावे, आज दूरचे ऐकू येणार. वडसा-बल्लारपूर मार्गावरच्या गावांतील लोकांना ठाऊक आहे की हिवाळ्यात पहाटेची आगगाडी दाराशी आल्यासारखी वाजते आणि उन्हाळ्यात दुपारची कधी गेली ते कळतही नाही.

आता तिसरा प्रश्न, माझ्या जिव्हाळ्याचा. शब्द कुठे गेले?

भोंग्याचा आवाज हजार माणसांच्या हशाहून कमी नव्हता. तो माझ्यापर्यंत येतही होता. 'ओ… आ… ए…' हे तेच. म्हणजे स्वर येत होते आणि व्यंजने वाटेत गळत होती. असे का व्हावे? हवा सगळ्या कंपनसंख्यांना सारखी वागणूक देत नाही. हिवाळी रात्रीच्या हवेत ५०० हर्ट्झच्या आवाजाचे दर किलोमीटरमागे साधारण २ डेसिबेल शोषले जातात, १,००० हर्ट्झचे ४, पण ४,००० हर्ट्झचे तब्बल २५ ते ३०. 'आ', 'ओ' यांसारख्या स्वरांची मुख्य शक्ती सुमारे हजार-बाराशे हर्ट्झच्या आत असते. 'स', 'श', 'त', 'च' या व्यंजनांची ओळख मात्र तीन-चार हजारांच्या पुढच्या सळसळीत आणि खटक्यांत असते, आणि ती मुळातच स्वरांपेक्षा पुष्कळ दुबळी असतात. दीड किलोमीटरवर त्यांच्यातून आणखी चाळीसेक डेसिबेल गेले, तर उरणार काय?

त्या रात्री लोक कशाला हसत होते ते मला बऱ्याच वर्षांनी काकांकडून कळले, आणि मी थक्क झालो. कारण तो विनोदच मुळी व्यंजने गळण्याचा होता. प्रवेश असा होता. मालक दूर शेतात आहे. घरी त्याच्या बायकोचा बाप, म्हणजे सासरा, अचानक येऊन टेकला आहे. नोकर बांधावरून ओरडतो, "मालक, घरी बाप आला जी!" मालकाला ऐकू येते, 'ताप आला.' तो तिकडून ओरडतो, "दोन गोळ्या दे, ओलं फडकं डोक्यावर ठेव, आन् बिलकूल उठू देऊ नको!" नोकर इमानाने सासऱ्याला धरून झोपवतो. तेवढ्यात पलीकडच्या बांधीतल्या शेजाऱ्याला ऐकू आलेले असते, 'साप आला.' तो काठी घेऊन धावतच येतो आणि विचारतो, "कुठं हाय? फणा काढला का?" नोकर म्हणतो, "आत्ताच पगडी काढली जी!"

बाप, ताप, साप. तिन्हींत 'आ' तोच, शेवटचा 'प' तोच. पहिले व्यंजन तेवढे वेगळे, आणि शेतापर्यंत जाताना हरवते तेही नेमके तेच. मग मागेपुढे जे मनात असेल ते आपला मेंदू त्या रिकाम्या जागी भरतो. आजाराची काळजी असणाऱ्याला ताप ऐकू येतो, सापाची धास्ती असणाऱ्याला साप. ते नाटक लिहिणाऱ्याने ध्वनिशास्त्र शिकले असेल असे वाटत नाही. पण तो बांधावर उभा राहून ओरडलेला होता, हे नक्की. जुन्या दूरध्वनीवरही हीच अडचण होती. त्याच्या तारेतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जाई, म्हणून आपले नाव सांगताना 'स, समईतला स' असे ओरडावे लागे.

आणि हशाला ही अडचण का नाही? हशात व्यंजनच नाही! 'हा' म्हणजे श्वास आणि स्वर. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हसण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. माणसांच्या हसण्याचे ध्वनिमुद्रण तपासताना त्याला दिसले, की एक 'हा' सुमारे ०.०७५ सेकंद टिकतो आणि एका 'हा'च्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत ०.२१ सेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच 'हा'. बाई असो, बुवा असो, ठोका बहुतेक हाच. 'हा हो हा हो' असे कुणी सहसा हसत नाही. 'हा हा हा' किंवा 'हो हो हो', एकच स्वर धरून. अशी साधी, पुन्हा पुन्हा येणारी, खालच्या कंपनसंख्येची खूण कितीही लांबून ओळखू येते. जंगलातले प्राणी एकमेकांना दूरवरून साद घालतात तीही पुष्कळदा अशीच एकसुरी आणि पुनरावृत्तीची असते.

एक प्रयोग करून पाहा. मोबाइलवर मित्राचे हसणे ध्वनिमुद्रित करा आणि उलटे वाजवा. उलटे वाजवण्याची सोय असलेली साधने फुकट मिळतात. हसणे उलटे केले तरी हसणेच वाटते, फक्त हळू सुरू होऊन मोठे होत जाते. मग त्याच मित्राने सांगितलेला विनोद उलटा वाजवा. त्याचे काय होते ते मी सांगत नाही.

इथवर भौतिकशास्त्राने मला चांगली साथ दिली. त्यामुळे मला चेव चढला आणि मी एक चूकही केली, ती सांगितलीच पाहिजे. नाटकात मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा उशिरा हसतात, हे मी पाहिले होते. मी वर्गात ठोकून दिले, "ध्वनीला मागे पोचायला वेळ लागतो ना!" एका मुलीने उठून विचारले, "सर, किती?" फळ्यावर मांडले. मांडव ४० मीटर खोल. ४० भागिले ३४० म्हणजे ०.१२ सेकंद. मागच्या रांगा तर चांगल्या सेकंद-दीड सेकंदाने हसतात. माझे उत्तर दहापटीने चुकले होते आणि सबंध वर्ग मागच्या रांगेसह एकाच वेळी हसला.

खरे कारण दुहेरी असावे असे आता मला वाटते. मागे शब्द पुसट येतात, ते जुळवायला मेंदूला वेळ लागतो. आणि पुष्कळांना विनोद कळलेलाच नसतो. ते पुढच्यांच्या हसण्याला हसत असतात. आमचे आजोबा ठार बहिरे झाले तरी नाटक चुकवत नसत आणि पोट धरून हसत. "काय समजलं आबा?" म्हटले की म्हणायचे, "एवढी मानसं हासली, तं चांगलंच असन." प्रोव्हाइनलाही असेच आढळले, की माणूस एकटा असताना जितके हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने यावर एक यंत्रच बनवले. त्यात हशाचे तुकडे साठवलेले असत. दूरदर्शनच्या विनोदी मालिकांना तो हवा तिथे हवा तेवढा हशा जोडून देई. आमच्या आजोबांवर ते यंत्र नक्की चालले असते.

आता शेवटचा प्रसंग. यात मंडळाचे पैसे अडकले होते. काही वर्षांपूर्वी एका गावच्या तरुण मंडळाने शाळेला कुंपण घालण्यासाठी नाटक लावले. तिकिटे चांगली खपली. मागच्यांना नीट ऐकू यावे म्हणून पोरांनी उत्साहाने पुढच्या भोंग्यांच्या जोडीला पार मागे, साठेक मीटरवर, बांबूला आणखी एक भोंगा टांगला. पहिला अंक सुरू झाला. दुःखाचे प्रवेश ठीक गेले. विनोदी नट आला, आणि मागची निम्मी मंडळी ढिम्म. नट घामाघूम. अशा वेळी लोक उठून जाऊ लागतात, आणि पुढच्या वर्षी त्या गावचे तिकीट कुणी घेत नाही. पोरांनी मला गाठले, कारण मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक! मी यंत्राजवळ जाऊन गंभीरपणे विजेचा दाब कमी असल्याचे निदान केले. ध्वनियंत्र चालवणारा पोरगा दहावी नापास. तो काही न बोलता मागे चालत गेला, तणसावर बसला, कान दिला, परत आला आणि म्हणाला, "सर, मागं दोन-दोनदा ऐकू येऊन रायलं." त्याने मागच्या भोंग्याची तार काढली, पुढचे भोंगे उंच बांधून तोंड जरा मागे केले. पुढच्या प्रवेशाला मागून हशा आला.

घरी येऊन हिशेब केला. तारेतून वीज मागच्या भोंग्यात तत्काळ पोचते. पुढच्या भोंग्याचा आवाज हवेतून साठ मीटर चालत येतो, त्याला लागतात ०.१८ सेकंद. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिले, की तोच आवाज थोड्या अंतराने दोनदा आला तर कान त्यांना एकच समजतो. पण बोलण्याच्या बाबतीत ही सवलत साधारण ०.०५ सेकंदाच्या आतच मिळते. त्यापुढे दुसरा आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून टोचू लागतो. शिवाय आपण सेकंदाला पाचेक अक्षरे बोलतो, म्हणजे एका अक्षराला ०.२ सेकंद. तेव्हा मागच्या लोकांना प्रत्येक अक्षरावर आधीचे अक्षर चढलेले ऐकू येत होते. 'प' ऐकावा तर त्यावर 'बा' बसलेला! संथ, लांबवलेले रडणे यातून निभावून जाते. विनोद निभावत नाही, कारण त्याचा सगळा जीव एका अक्षरात असतो. आणि गंमत पाहा, हसण्याचा ठोकाही ०.२१ सेकंदाचाच. नट रंगमंचावर हसला असता तर 'हा'वर 'हा' पडून तो मागे अगदी नीट ऐकू आला असता. हल्ली मागच्या भोंग्याला तेवढा उशीर मुद्दाम लावून देणारी उपकरणे मिळतात. त्या पोराजवळ ते नव्हते. त्याच्याजवळ कान होता.

तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हे तपासता येईल. पटांगणात दोन भोंगे ६० मीटरवर ठेवून एकाच वेळी चालू करा. एका विद्यार्थ्याने मागच्या भोंग्याजवळून पुढच्याकडे चालत यायचे आणि 'बाप, ताप, साप' यांतला कोणता शब्द ऐकू आला ते दर पाच मीटरवर वहीत लिहायचे. ऐन मध्यावर दोन्ही आवाज एकदम पोचतात. तिथून दोन्ही बाजूंना साधारण आठ-साडेआठ मीटरपर्यंत दोन आवाजांतील अंतर ०.०५ सेकंदाच्या आत राहते. त्यानंतर चुका वाढतात का ते पाहा. शब्द कोणत्या क्रमाने बोलले गेले हे चालणाऱ्याला ठाऊक असू नये, नाहीतर मेंदू रिकाम्या जागा भरील. आकडे या मासिकाकडे पाठवा.

राहिली त्या रात्रीची गोष्ट. पहाटे गाडी परत आली. मी दारातच उभा होतो. आजीला धरले आणि म्हटले, "सांग ना, काय झालं? लोक एवढे कशाला हसत होते?" आजी ओट्यावर बसली, पदर सावरला, आणि सांगू लागली, "अरे, तो नोकर म्हनते, मालक, घरी…" आणि तिला हसू आले. तिने पुन्हा सुरुवात केली, "मालक, घरी…" आणि पुन्हा हसू. डोळ्यांना पाणी आले तरी तिचे 'घरी'च्या पुढे जाईना. तिला पाहून मीही हसायला लागलो. या वेळी अंतर होते एक हात, व्यंजने सगळी शाबूत होती, आणि विनोद तरीही मला कळला नव्हता.